नाताळचा तारा: सांगाडा एकदाच, कागद दर वर्षी

भाऊबीज झाली की दोन-तीन दिवसांत पप्पा सायकल काढून नगरच्या बाजारात जायचे आणि आकाशकंदिलांच्या दुकानांतला उरलासुरला पतंगी कागद घेऊन यायचे. दिवाळीत ज्या भावाने मिळायचा त्याच्या निम्म्यात. लाल आणि भगवा कधीच शिल्लक नसायचा, म्हणून आमचे बहुतेक तारे हिरवे नाहीतर जांभळे झाले. नोव्हेंबरच्या शेवटी तारा दारावर लागला की शेजारच्या काकू विचारायच्या, "अगं, तुमचा कंदील अजून उतरला नाही का?" आई म्हणायची, "आमचा आत्ता कुठे चढतोय."

नगर म्हणजे अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तिथे ठाणं केलं, त्यामुळे तिथली मराठी ख्रिस्ती घरं पाच-सहा पिढ्यांची आहेत. नाताळला करंज्या, शंकरपाळे, चिवडा असतो आणि दारावर बांबूचा पाच टोकांचा तारा. वसईत हाच तारा लागतो, गोव्यातही. तिथे कोकणीत त्याला नखेत्र म्हणतात. कंदिलाचाच हा भाऊ आहे. त्याच कामट्या, तोच कागद, तीच खळ.

फरक एवढाच की बहुतेक लोक सहा जानेवारी झाली की तारा मोडून टाकतात. आमच्याकडे फक्त कागद जातो. माझ्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला जो सांगाडा आहे, तो पप्पांनी १९८३ साली बांधलेला. दहापैकी सात कामट्या अजून त्याच आहेत. तो कसा केला, ते लिहिते. पहिल्या खेपेला पूर्ण रविवार जाईल. पुढच्या वर्षीपासून दोन तास पुरतात.

कामट्या

बुरुडाकडून हिरव्या बांबूच्या चिरलेल्या कामट्या आणा. घरी कोयत्याने बांबू चिरायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा पडले आणि तीन टाके घेऊन उठले. लांब कामट्या १० हव्यात, ६२ सेंटिमीटरच्या. आखूड ५ हव्यात, १२ सेंटिमीटरच्या. रुंदी बोटाच्या नखाएवढी, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास. दोन-चार जास्तीच्या घ्या, कारण वाकवताना मोडतातच.

आणल्या आणल्या बांधायला बसू नका. आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा, एक दिवसाआड पाणी बदला. पाण्याला वास येईल, येऊ द्या. बांबूतला पिठूळ गोडवा त्या पाण्यात उतरतो. तो आत राहिला की भुंगा लागतो. पहिल्या तीन-चार वर्षांत आमची एक कामटी अशीच गेली. माळ्यावरून पिठासारखी पूड खाली सांडायला लागली, आणि आईला वाटलं उंदराने रव्याचा डबा फोडला. त्यानंतर पप्पा न्हाणीघरातल्या हंड्यात कामट्या उभ्या करून ठेवायचे आणि आम्ही आठ दिवस बादलीने आंघोळ करायचो.

भिजलेल्या कामट्या सावलीत वाळवा. उन्हात वाळवल्या की पिळवटतात. मग पॉलिश पेपरने कडा घासा, नाहीतर बोटात कूस जाते आणि पुढे कागद लावताना त्याच कुशीला अडकून टरकन फाटतो. प्रत्येक कामटी दोन्ही हातांनी धनुष्यासारखी वाकवून बघा. कमान एकसारखी आली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ताठ राहत असेल तर तिथली आतली, पांढरी बाजू चाकूने तासा. हिरव्या सालीला हात लावायचा नाही, सगळा जोर तिच्यातच असतो.

आता पप्पांची आवडती गोष्ट. ते शाळेत गणित शिकवायचे आणि तारा बांधताना आमच्याकडून भूमितीचा तास फुकटात काढून घ्यायचे. पाच टोकांच्या ताऱ्यात प्रत्येक रेघेला दुसऱ्या दोन रेघा छेदतात, आणि त्या नेहमी ठरलेल्या जागीच छेदतात. रेघ ६० सेंटिमीटरची असेल तर टोकापासून २३ वर पहिला छेद, पुढे १४ वर दुसरा, उरतात पुन्हा २३. म्हणून दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर बांधायला सोडून प्रत्येक कामटीवर या दोन खुणा पेन्सिलने करा. दहाही कामट्या शेजारीशेजारी लावून एकदमच खुणा केल्या तर चुकायला जागा राहत नाही. बांबूची गाठ खुणेवर येत असेल तर ती कामटी बाजूला ठेवा, कारण वाकणार ती तिथेच आणि मोडणारही तिथेच.

(जर्मनीत मोरेव्हियन पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात भूमितीच्या तासाला पोरांकडून कागदी तारे करून घ्यायचे, आणि तिथला अनेक टोकांचा तारा त्यातूनच आला, हे मी पुढे कधीतरी वाचलं. पप्पांना सांगितलं तेव्हा ते एवढे खूश झाले की जणू ती शाळा त्यांनीच काढली होती.)

बांधणी

फरशीवर खडूने तारा काढा. लहानपणी हात न उचलता काढायचो तसाच, एका दमात. प्रत्येक रेघेवर एक कामटी ठेवा, साल बाहेरच्या बाजूला. छेदांवर कामट्या नुसत्या एकावर एक ठेवायच्या नाहीत, विणायच्या. प्रत्येक कामटी एका छेदावर वरून जाते आणि दुसऱ्यावर खालून, खाटेच्या नवारीसारखी. नीट विणलं असेल तर दोरा न बांधताही तारा उचलता येतो. उचलल्यावर विस्कटला तर कुठेतरी वर-खाली चुकलंय.

टोकांना आधी रबरबँड लावून धरून ठेवा, मग दोरा. साधा सुती दोरा घ्या आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढून मेणवा. मेणामुळे गाठ सरकत नाही, आणि दवाने दोरा कुजत नाही. तार वापरू नका. ती गंजते, गंजाचा डाग कागदावर उतरतो आणि तिची शेपटी कागदाला भोसकते. दोन्ही कामट्यांवरून सात-आठ वेढे, मग कामट्यांच्या मधल्या फटीतून दोन वेढे करकचून, मग गाठ. ते मधले दोन वेढे गाळले तर महिन्याभरात टोक डुगडुगायला लागतं.

पप्पा डावखुरे होते. उजव्या हाताने बांधणाऱ्याचे वेढे ज्या बाजूला चढत जातात, त्याच्या उलट बाजूला त्यांचे चढतात. मला हे कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. २०१६ मध्ये एक कामटी किडली म्हणून बदलायला घेतली, तिची दोन टोकं कापून पुन्हा बांधली, आणि तारा समोर धरला तर माझ्या दोन गाठी वेगळ्या दिसायला लागल्या. वाटलं बांधायला चुकलं. सोडून परत बांधल्या, तरी तशाच. मग इतर गाठी बघत बसले. खालच्या डाव्या टोकाची एक गाठही माझ्यासारखीच उजवी होती, आणि तिच्यात दोऱ्याऐवजी पोलक्याच्या कापडाची बारीक पट्टी होती, फिकट झालेली, हिरव्या काठाची. ती आईची. कधी बांधली, दोरा का नव्हता, मी विचारलं. तिला आठवेना. पोलकं मात्र आठवलं.

दुसरा तारा पहिल्याच्या वर ठेवूनच बांधा, म्हणजे दोघे जुळे होतात. मग दोन्हींची पाचही टोकं एकमेकांना बांधा. आता हातात एक चपटा जाड तारा असेल. त्याचं पोट फुगवायला त्या पाच आखूड कामट्या. त्यांच्या दोन्ही टोकांना चाकूने खाच पाडा आणि आतल्या पाच छेदांपाशी, समोरच्या आणि मागच्या ताऱ्याच्या मध्ये, त्या आडव्या घाला. शेजारीशेजारी घालत जाऊ नका. चाकाचे नट आवळतात तसं एक सोडून एक, नाहीतर तारा एका अंगाला कलतो आणि मग तो आयुष्यभर कललेलाच. हे दोघांचं काम आहे. एकाने दाबून फट उघडायची, दुसऱ्याने कामटी सारायची. कर्रर्र आवाज येतो, घाबरू नका. पाचवी बसली की तारा एकदम ताठ होतो आणि टिचकी मारली की वाजतो.

आता पेन्सिल घ्या आणि एका कामटीच्या आतल्या, पांढऱ्या बाजूवर साल लिहा. पेनने नको. पुढे ओल्या फडक्याने पुसताना शाई जाते, पेन्सिल राहते. पप्पांनी पहिल्या वर्षी लिहिलं ते फक्त हिशेबापुरतं, सांगाडा किती वर्षं टिकतो बघू म्हणून. "८३." खाली "८४." पुढे त्यात एखादा शब्द यायला लागला. "८९ पाऊस." त्या वर्षी अवकाळी पाऊस आला, जांभळा रंग ताज्या चुन्याच्या भिंतीवर ओघळला आणि तो ओघळ पुढची तीन वर्षं आमच्या दाराशी होता. "९३ पांढरा." ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता आणि देवळात तिकडे पाठवायच्या कपड्यांचे ढीग लागले होते. त्या वर्षी पप्पांनी बाजारातून रंगीत कागद आणलाच नाही.

खळ आणि कागद

खळ घरीच करा. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. गार झाल्यावर ताकापेक्षा जाड आणि श्रीखंडापेक्षा पातळ हवी. पप्पा पुस्तकबांधणीवाल्यांसारखं तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. मोरचूद विषारी आहे आणि माझ्याकडे खळीत बोटं घालून चाटणारी मंडळी येतात, म्हणून मी घालत नाही. त्या दिवसापुरतीच खळ करते आणि उरलेली टाकते.

एका ताऱ्याला कागदाचे २२ तुकडे लागतात. समोर पाच त्रिकोण आणि मधला पंचकोन, मागे तेवढेच, आणि पोटाच्या कडेने दहा निमुळते त्रिकोण. मापं घ्यायला बसू नका. कागद सांगाड्यावर धरा, कामटीच्या बाहेरून बोटभर जागा सोडून पेन्सिलने रेघ मारा, कापा. जुना तारा असेल तर गेल्या वर्षीचेच तुकडे नमुना म्हणून चालतात. मी ते वर्तमानपत्रात दाबून ठेवते.

खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. पतंगी कागदाचा रंग ओल्याला लगेच सुटतो, बोटं जांभळी होतात आणि त्याच बोटांनी पिवळा तुकडा उचलला की झालंच. कागद ठेवून मधून कडेकडे हलकेच सारत जा. ताणू नका. थोडा सैल राहिला तरी चालतो, कारण वाळताना तो आपसूक आवळतो. पूर्ण वाळल्यावरही सुरकुती उरली असेल तर इस्त्रीच्या पाण्याच्या बाटलीने लांबून, नुसतं धुकं पडेल एवढंच पाणी मारा. तासाभरात कागद ढोलकीसारखा ताणून बसतो. गडद रंगावर हे करायचं नाही, डाग पडतात.

मागचा पंचकोन सगळ्यात शेवटी, आणि तो फक्त वरच्या कडेला चिकटवा. ती तुमची खिडकी. तिथूनच दिवा आत जातो.

दिव्याबद्दल एकच सांगते. आमच्या लहानपणी ४० वॉटचा पिवळा दिवा असायचा, आणि तो वाऱ्याने कागदाला टेकला की आधी तपकिरी चट्टा, मग वास. एकदा गल्लीतल्या एका घरचा तारा पेटलाही. आता पाच-सात वॉटचा पिवळसर एलईडी लावा. तो तापत नाही म्हटलं तरी त्याचा पांढरा बुडखा तापतो, त्यामुळे दिवा बरोबर मध्यभागीच लोंबला पाहिजे. दिव्याचं वजन वायरने तोलायचं, सांगाड्याने नाही. वायर वरच्या टोकातून बाहेर काढा, तिथे बोटभर जागा उघडी राहू द्या, गरम हवा निघून जाते.

टांगताना वरच्या टोकाला दोरी, आणि आडव्या दोन टोकांना बारीक दोरे बांधून ते ग्रिलला. नाहीतर तारा भिंगरीसारखा फिरतो आणि वायर पिळते.

शेपूट

खाली झिरमिळ्या लावायच्या की नाही, यावर आमच्या घरी एकमत कधीच झालं नाही. पप्पांचं म्हणणं, झिरमिळ्या लावल्या की तो कंदील झाला. आईला त्या हव्या असायच्या. १९८५ च्या डिसेंबरात मात्र वेगळंच निघालं. पेपरात रोज हॅलेचा धूमकेतू. आम्ही भावंडं रात्री गच्चीवर जाऊन माना दुखेपर्यंत बघायचो, दिसलं काहीच नाही. पण धाकट्याने हट्ट धरला, आपल्या ताऱ्याला शेपूट पाहिजे. पप्पा म्हणाले, "मत्तयाच्या शुभवर्तमानात ताऱ्याला शेपूट कुठे लिहिलंय, दाखव." त्याने दुसरा अध्याय दोनदा वाचला आणि म्हणाला, "नव्हतं असंही कुठे लिहिलं नाही." पप्पा गप्प बसले. मग खालच्या उजव्या टोकाशी खाच पाडून त्यांनी दोन लांब कामट्या अडकवल्या, त्यावर चंदेरी कागदाच्या पट्ट्या. पुढे मला कळलं की इटलीत पाडुआच्या एका चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकाराने १३०५ च्या सुमारास बाळ येशूच्या गोठ्यावर असाच शेपटीचा तारा रंगवून ठेवला आहे, आणि हॅले १३०१ मध्ये दिसून गेला होता. धाकट्याला हे फोनवर सांगितलं. "मग?" म्हणाला. "मी तेव्हाच सांगत होतो."

तुम्हाला शेपूट हवीच असेल तर ती सांगाड्याला कायमची बांधू नका, खाचेत अडकवा. वारं सुटलं की काढता येते.

उतरवणं

हे लोक गाळतात, आणि म्हणून त्यांचे सांगाडे टिकत नाहीत. कागद लावलेला तारा माळ्यावर ठेवला की खळीला झुरळं येतात, मागोमाग उंदीर. कागद काढा. सांगाड्यावर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवलं की सोलून निघतो. राहिलेली खळ कोमट पाण्याने पुसून काढा, गाठींजवळ जुना दात घासायचा ब्रश वापरा. एक दिवस सावलीत वाळू द्या. मग सुती चादरीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी धरते. चादरीच्या घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला. आडवा ठेवलात तर वर काही ठेवू नका. मी खिळ्याला टांगून ठेवते.

याच दिवशी कामट्यांवरचं लिहिलेलं दिसतं. इतर वेळी ते कागदाच्या आत असतं.

पप्पा २०१४ च्या ऑक्टोबरात गेले. त्या वर्षी तारा लावायचा का, असा प्रश्न आला तेव्हा नातेवाइकांनी नको म्हटलं, आणि मलाही नकोच होता. आई म्हणाली, "आपल्यासाठी नाही लावायचा. गाणारी पोरं अंधारात येतात, त्यांना घर दिसायला नको?" खरंच, कॅरल म्हणत फिरणारी मंडळी नगरच्या थंडीत ढोलकी आणि टाळ घेऊन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हिंडतात, आणि ज्या दारावर तारा जळत असेल तिथेच थांबतात. आम्ही लावला. ती आली, दोन गाणी म्हटली, करंज्या खाल्ल्या, गेली. जानेवारीत कागद काढला तेव्हा मी साल लिहायला पेन्सिल शोधली. पाहिलं तर तिथे आधीच लिहिलेलं होतं. तारा बांधायच्या कामात आईने त्या पोलक्याच्या पट्टीखेरीज कधी हात घातला नव्हता. मोठ्या, वळणाच्या अक्षरात, पप्पांच्या "१३" च्या खाली: "१४. लावला."

आता सांगाडा माझ्याकडे पुण्यात आहे. भाऊ डिसेंबरात लेकीला घेऊन येतो आणि कागद ती लावते. ती २०१४ चीच. या खेपेला फडकं फिरवता फिरवता तिने "८५ शेपूट" वाचलं, खालच्या टोकाची खाच शोधून काढली आणि हॅले परत कधी येणार ते विचारलं. २०६१, मी म्हटलं. तिने बोटांवर मोजलं, तेव्हा ती सत्तेचाळीसची असेल. मग तिने सांगाड्याला टिचकी मारली, तो वाजला, आणि तिने विचारलं, एवढी वर्षं टिकेल का.

मी तिला बादली भरायला पाठवलं. आणखी दोन कामट्या बदलायला झाल्या आहेत, आणि नव्या अजून भिजत घालायच्या होत्या.